वाऱ्याशी भांडायला गेलेली बाई

दोन वर्षं मी तळ्याच्या काठावर बसून प्रुफं तपासली. मुलगा अकरा वर्षांचा असताना सेलिंग शिकायला जायला लागला आणि दर रविवारी त्याला सोडण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मांडीवर छापील पानांचा गठ्ठा, हातात लाल पेन आणि पानं उडू नयेत म्हणून काठावरचेच दोन गुळगुळीत दगड. वाऱ्याशी माझा संबंध तेवढाच. तो पानं उडवायचा, मी त्याच्यावर चिडायचे.

मुलगा तेराचा झाला आणि एका रविवारी उठलाच नाही. "मला नाही जायचं, आई." कारण विचारलं तर त्याने कूस बदलली. क्लबचं कौटुंबिक सदस्यत्व वर्षभराचं भरलेलं होतं, त्यातले आठ महिने शिल्लक होते. भरलेले पैसे वाया जाऊ देणं मला जमत नाही. नाटक पहिल्या अंकातच पडलं तरी मी शेवटचा पडदा पडेपर्यंत बसून राहते. तर मी गेले. वय एक्कावन्न, पोहता येतं पण मान वर काढून, आणि वजनाबद्दल इथे लिहायची गरज नाही.

शिकवणारी मुलगी तीच, माझ्या मुलाला शिकवणारी. पंचविशीची असेल. दोन वर्षं ती मला 'काकू, अहो काकू' करत आली होती. "काकू, तुम्ही खरंच शिकणार?" असं तिने दोनदा विचारलं आणि मग एक फुगीर जॅकेट माझ्या अंगावर चढवून पट्टे इतके आवळले, की उत्तर द्यायला श्वास उरला नाही. धक्क्यावरून होडीत पाय टाकेपर्यंत सगळं अहो-जाहो चाललं होतं. पाण्यात वीसेक हात गेलो असू, वाऱ्याचा एक धक्का आला, होडी एका अंगावर कलली आणि ती ओरडली, "सोड! दोर सोड! अगं सोड ना!"

मी अर्थातच दोर आणखी घट्ट धरला. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते धरतो. गाडीत ब्रेक दाबायचा असतो, घोड्यावर लगाम खेचायचा असतो, इथे उलटं. शिडाचा दोर सैल केला, की शीड वाऱ्याच्या दिशेने फडफडत सुटतं, त्यातली ताकद निघून जाते आणि होडी आपोआप सरळ होते. पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट एवढीच. ती मला अंगवळणी पडायला सात रविवार लागले.

काठावर आल्यावर पोरगी कानापर्यंत लाल झाली होती. "सॉरी काकू, तिथे तोंडातून निघून गेलं." मी म्हटलं, निघू दे. 'काकू, आपण कृपया दोर सोडावा' हे वाक्य पुरं होईपर्यंत होडी पालथी झाली असती. तेव्हापासून आमचा अलिखित करार आहे: पाण्यावर अगं-तुगं, धक्क्याला लागलं की अहो.

मी शिकले ती होडी क्लबमधली सगळ्यात म्हातारी. 'मिरर' नावाची, लाल शिडाची, पुढून चपट्या नाकाची, सव्वातीन मीटरच्या आसपास लांब. तिच्या नावाची गोष्ट कळली आणि माझा जीवच जडला तिच्यावर. हे नाव एका वर्तमानपत्राचं आहे. १९६२ च्या सुमारास इंग्लंडमधल्या 'डेली मिरर'ने सामान्य माणसाला घरच्या घरी बांधता येईल अशी होडी काढायचं ठरवलं. आराखडा जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल या दोघांचा. बकनेल हा टीव्हीवर लोकांना घरची सुतारकी शिकवणारा माणूस. पद्धत अशी, की प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना टाके घालून जोडायचे आणि मग सांध्यांवर रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची पट्टी चिकटवायची. म्हणजे होडी चक्क शिवायची! पुस्तकाचे फॉर्म शिवून बांधणी करतात तशी. या होड्या पुढे सत्तर हजारांवर बांधल्या गेल्या. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी वर्तमानपत्रांना पुरवण्या काढताना पाहिलं, स्पर्धा घेताना पाहिलं, चादरी आणि बादल्या वाटताना पाहिलं. होडी कुणी काढली नव्हती.

याच होडीत माझं बोट अडकलं. मिररच्या मधोमध तळात एक फट असते आणि तिच्यातून डॅगरबोर्ड नावाची फळी खाली पाण्यात सरकवतात. फळी आणि फट यांच्यामध्ये माझी करंगळी आली. मी किंचाळले, "बोट अडकलं!" धक्क्यावरून एक पोरगा धावत आला आणि होडीच्या खाली चिखल आहे का, दगड आहे का, ते वाकून बघायला लागला. "अडकली नाहीये काकू, तरंगतेय की!" अडकलं आणि अडकली यातला फरक त्या क्षणी त्याला समजावून सांगायच्या परिस्थितीत मी नव्हते. जन्मभर दुसऱ्यांचं लिंग-वचन सुधारणाऱ्या बाईला नियतीने नेमकं इथे गाठावं? तेव्हापासून मी कटाक्षाने 'होडी' म्हणते.

त्या फळीवाचून होडी चालत नाही, हे मात्र मला फार उशिरा कळलं. माझी समजूत होती, की वारा मागून ढकलतो आणि होडी पुढे जाते, संपलं. मग समोरून वारा असताना ती पोरं वाऱ्याकडेच कशी जायची, हे दोन वर्षं काठावर बसून मी बघितलं होतं, पण विचार केला नव्हता. आंघोळीला साबणाची ओली वडी दोन बोटांत दाबली की ती सुळ्ळकन पुढे निसटते ना, तसं आहे हे. वारा शिडाला बाजूला रेटतो, पाण्यातली फळी बाजूला सरकू देत नाही, आणि दोघांच्या चिमटीत सापडलेली होडी पुढे निसटते. शिडाचा फुगवटा पंखासारखं काम करतो वगैरे शास्त्र आहेच, पण मला साबणाने कळलं. अगदी नाकासमोरून वारा असेल तर मात्र काही चालत नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना पंचेचाळीसेक अंशांचा पट्टा निषिद्ध. त्या दिशेला जायचं असेल तर नागमोडी जायचं, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. प्रत्येक वळणाला, म्हणजे टॅक करताना, डोकं वाकवून बूमच्या खालून पलीकडे जायचं. बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा. सुरुवातीला माझं डोकं नेमकं त्याच्याच उंचीवर असायचं.

आणि सुकाणूचा दांडा उलटा चालतो. टिलर डावीकडे ढकललात की होडी उजवीकडे वळते. "डोक्याने विचार करू नका, ढुंगणाने करा," हे वाक्य क्लबमधल्या एका पंचाहत्तरीच्या काकांचं. म्हणजे होडीचा कल बसल्या जागी जाणवायला हवा. ते चाळीसहून जास्त वर्षं याच तळ्यावर होडी चालवतात आणि समुद्रावर जायचं नाव काढलं की नाक मुरडतात. "समुद्रावर काय, वारा एका बाजूने येतो. त्यात काय चालवायचं?"

काकांच्या या तोऱ्याला अर्थ आहे. सेलिंग म्हटलं की लोकांना समुद्रच आठवतो आणि तळ्यावर होडी चालवणारा म्हणजे गल्लीतला क्रिकेटपटू, असा एक समज असतो. पण उघड्या समुद्रावर वारा कसलाही अडथळा न येता मैलोन् मैल येत असतो. त्याची दिशा बऱ्यापैकी टिकते. तळ्यावर तो झाडांमधून, टेकड्यांना वळसे घालून, इमारतींवर आपटून, तुकडे तुकडे होऊन येतो. झाडांच्या रांगेमागे तिच्या उंचीच्या कित्येक पट अंतरापर्यंत वारा मेलेला असतो. टेकडीच्या खिंडीसमोर तो एकदम अंगावर येतो. सकाळी पाणी आरशासारखं, ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर-खाली घुसळली जाते आणि वरचा जोरदार वारा झटक्याझटक्याने खाली उतरतो. संध्याकाळी सगळं थंड. मग वल्हं काढा आणि मुकाट्याने घरी या. वल्हवत येणाऱ्याकडे धक्क्यावर बसलेले लोक मुद्दाम बघत नाहीत. तेवढी सभ्यता आहे.

मराठीत वाऱ्याची बदनामी फार. वाऱ्यावर सोडणं, वाऱ्यावर वरात काढणं, वाऱ्याशी भांडणं, काही चांगलं म्हणून नाही. आणि 'वारा वाहील तशी पाठ द्यावी' हा तर संधिसाधूंचा धर्म. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं तो होडीत बसलेला नसणार. वाऱ्याला पाठ देऊन जाणं दिसायला सगळ्यात सोपं: शीड पूर्ण उघडं, वारा मागून, होडी शांत, वारा लागतसुद्धा नाही कारण आपण त्याच्याच बरोबर चाललेलो असतो. आणि तेवढ्यात वारा जरासा शिडाच्या पाठीमागून शिरतो, बूम या टोकापासून त्या टोकापर्यंत तलवारीसारखी फिरते आणि वाटेत जे डोकं असेल त्याची फिकीर करत नाही. याला जाइब म्हणतात. आपण ठरवून केली तर जाइब, न ठरवता झाली तर क्लबमध्ये सांगायला किस्सा. वाऱ्याच्या तोंडावर चालताना होडी कुरकुरते, अंगावर पाणी उडवते, पण फसवत नाही.

वारा वाचायला मला प्रुफांची सवय कामाला आली, असं मला वाटतं. वारा दिसत नाही, पण पाण्यावर त्याच्या चुका दिसतात. झटका यायच्या आधी पाण्याला काटा येतो. गुळगुळीत पाण्यावर बारीक सुरकुत्यांचा एक काळसर डाग सरकत येतो. तो आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल, कुठल्या अंगाने येईल, त्याची कड कुठे आहे, हे आधी बघून ठेवायचं, म्हणजे तो आला की अंग बाहेर झोकून दोर हातभर सोडता येतो. पानावर नजर पुढच्या ओळीवर ठेवून हात आधीच्या ओळीवर चालवायची सवय असते मला, हे तेच. काठावर बसून दोन वर्षं ज्या वाऱ्याने माझी पानं उडवली, तोही आधी पाण्यावरून असाच काटा उठवत आला असणार. मी मान वर केली असती तर दगड शोधत बसावं लागलं नसतं.

आकडे म्हणाल तर वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की शिडावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वाऱ्याची चार नंबरची पायरी म्हणजे अकरा ते सोळा नॉट, ताशी वीस ते अठ्ठावीस किलोमीटर. ऐकायला काहीच नाही. स्कूटरवर आपण याहून जास्त वारा खातो. पाण्यावर त्या वाऱ्यात मी दोनदा उलटले. ही पायऱ्यांची पट्टी १८०५ च्या सुमारास फ्रान्सिस ब्यूफोर्ट या नौदलातल्या अधिकाऱ्याने मांडली, आणि मजा म्हणजे तिच्यात सुरुवातीला वेगाचे आकडेच नव्हते. जहाजावर कुठली शिडं चढवता येतील आणि कुठली उतरवावी लागतील, त्यावरून वारा मोजायचा. मला हे पटलं. माझी पट्टी अशी: नंबर दोनला मी गुणगुणते, तीनला गप्प होते, चारला मुलाच्या वडिलांची आठवण येते.

पाच महिन्यांनी मला लेझर मिळाली. एकट्याने चालवायची होडी, ४.२३ मीटर लांब, एक शीड, एक माणूस, बसायला जवळपास फळीच. हिचीही जन्मकथा कागदावरची. १९६९ मध्ये कॅनडाच्या ब्रूस कर्बीने फोनवर इयान ब्रूसशी बोलता बोलता कागदावर तिची आकृती गिरगटली. गाडीच्या टपावर बांधून नेता येईल अशी होडी हवी होती. १९७१ मध्ये ती बाजारात आली आणि १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये. हल्ली तिचं अधिकृत नाव आयएलसीए आहे, पण आमच्या धक्क्यावर ते कुणीच घेत नाही. एकाच होडीवर तीन वेगवेगळ्या आकारांची शिडं चढवता येतात. सगळ्यात लहान शीड ४.७ चौरस मीटरचं, ते शिकणाऱ्या मुलांचं आणि माझं.

लेझरवर एकटी गेले त्या पहिल्याच दिवशी चिखल झाला. खिंडीसमोर झटका आला, दोर मुठीत होता, मूठ उघडली नाही. होडी आडवी झाली. आडवी झाल्यावर काय करायचं ते पाठ होतं: होडीपासून दूर जायचं नाही, दोर मोकळा करायचा, पोहत तळाच्या बाजूला जायचं, बाहेर आलेल्या फळीवर उभं राहायचं आणि काठाला धरून मागे रेलायचं. वजन कामाला येतं ते इथे. पण मी तिथे पोचेपर्यंत होडी पूर्ण पालथी झाली होती. डोलकाठी सरळ खाली. समुद्रावर तेवढंच झालं असतं. आमच्या तळ्यात त्या जागी पाणी डोलकाठीहून उथळ आणि तळाशी मऊ गाळ. शिडाचं टोक त्या गाळात जाऊन रुतलं, तेही असं, की पेरल्यासारखं. मी फळीवर चढून उड्या मारल्या. होडी हलेना.

बचाव होडी आली. चालवणारी बाई माझ्याच वयाची, एरवी धक्क्यावर माझ्याशी फक्त पार्किंगबद्दल बोलायची. तिने आधी माझ्याकडे बघितलं, होडीकडे नाही. "पाय अडकलाय कशात? नाही? मग ठीक." आधी माणूस, मग होडी, हा नियम. मग तिने दोर बांधून हळूहळू, इंचाइंचाने ओढलं. घाईने ओढलं तर गाळात रुतलेली डोलकाठी वाकते. होडी सरळ झाली तेव्हा शिडाच्या शेंड्यावर हातभर काळा चिखल होता. तो धुवायचं माझ्या लक्षात आलं नाही आणि मी तशीच, त्या टिळ्यासह, सगळ्या क्लबच्या समोरून धक्क्यावर आले. त्या दिवशी पहिल्यांदा लोक माझ्याशी बोलायला आले. कुठे रुतली, कितव्या झाडासमोर, अरे तिथे तर मीपण, एकोणीसशे अमुक साली. एकेकाने आपापला चिखल सांगितला. तोपर्यंत मी त्या मुलाची आई होते. त्या दिवसापासून मला नंबर मिळाला: शिडावरचा.

शर्यतीत उतरायचं मी मनावर घेतलं नव्हतं. काकांनी नाव लिहून टाकलं. सुरुवातीला पाच मिनिटं आधी एक भोंगा, चार मिनिटांवर एक, एका मिनिटावर एक, मग सुरुवात. या पाच मिनिटांत सगळ्या होड्या रेषेमागे घिरट्या घालतात, कारण होडीला ब्रेक नाही आणि भोंग्याआधी रेषा ओलांडली तर परत फिरून यावं लागतं. मी इतकी मागे राहिले, की मला भोंगा ऐकू आला नाही. बाकीचे निघालेले दिसले.

आणि मग तो आरडाओरडा. "स्टारबोर्ड!" ज्याच्या होडीला वारा उजव्या अंगाने येतोय त्याचा हक्क पहिला, डाव्या अंगाने वारा घेणाऱ्याने वाट द्यायची. हा नियम मला पाठ होता, पण समोरून होडी येत असताना उजवं-डावं आठवायचं म्हणजे परीक्षेत सनावळी आठवण्यासारखं. शब्द मात्र मोठा गोड आहे. पूर्वी सुकाणू मागे मधोमध नसायचं, उजव्या बाजूला एक मोठी फळी असायची. स्टारबोर्ड म्हणजे सुकाणूच्या फळीची बाजू. डाव्या बाजूला लारबोर्ड म्हणायचे. वादळात ओरडताना दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लारबोर्ड बंद केला आणि पोर्ट सुरू केला. दोन शब्द एकमेकांसारखे दिसतात म्हणून एक काढून टाकायचा, अशी दुरुस्ती माझ्या लाल पेनाने कितीदा सुचवली आणि लेखकांनी कितीदा फेटाळली! नौदलाने ऐकलं.

मी सहा होड्यांत सहावी आले. पण निकाल लागला तेव्हा पाचवी. वेगवेगळ्या जातीच्या होड्या एकत्र पळवायच्या म्हणून प्रत्येक जातीला एक क्रमांक दिलेला असतो, पोर्ट्समथ यार्डस्टिक म्हणतात त्याला. लागलेला वेळ गुणिले हजार, भागिले तो क्रमांक. समजा १,१०० क्रमांकाच्या होडीला ५५ मिनिटं लागली, तर हिशेबात तिची ५० धरायची. संथ होडीचा क्रमांक मोठा, त्यामुळे तिला सवलत जास्त. माझ्यापुढे पाचवा आलेला गृहस्थ एका वेगवान होडीत होता आणि झाडांच्या आडोशाला दहा मिनिटं डकला होता. त्याच्या होडीचा छोटा क्रमांक त्याच्या मुळावर आला. तो निकालाच्या कागदासमोर बराच वेळ उभा होता. मी कागद तपासला. बेरजा बरोबर होत्या.

सदस्यत्व म्हणजे काय, हे मला वाटायचं: पैसे भरायचे आणि होडी चालवायची. आमच्या क्लबमध्ये पगारी माणसं जवळजवळ नाहीत. भिंतीवर एक पाळीपत्रक असतं आणि त्यात प्रत्येकाचं नाव फिरत फिरत येतं: शर्यतीचा पंच, बचाव होडी, धक्क्याची डागडुजी, गवत, वर्षातून दोनदा पाण्यातली शेवाळ-वनस्पती उपसणं. पाळी चुकवणारा माणूस कितीही चांगला खलाशी असला तरी त्याच्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज जरा खाली येतो. मला आधी हे पत्रक म्हणजे वैताग वाटला. आता मी वर्षाच्या सुरुवातीला त्यातली शुद्धलेखनाची दुरुस्ती करते, हे न मागता घेतलेलं काम आहे. 'बचाऊ होडी' असं लिहिलं होतं सहा वर्षं.

एक दिवस मात्र सांगायला हवा. मार्चातला, ढग नसलेला. वारा आडव्या अंगाने, नंबर चारच्या जवळ, आणि कधी नव्हे तो सलग. लेझरला पाणी कापत जाण्याची एक मर्यादा असते, तिच्या लांबीवरून ठरणारी, ताशी साधारण नऊ किलोमीटर. त्यापुढे तिचीच लाट तिला अडवते. पण वारा पुरेसा असला आणि माणूस पुरेसा बाहेर झुकला, तर होडी त्या लाटेवर चढते आणि पाण्यात चालायच्याऐवजी पाण्यावरून घसरायला लागते. टिलर हातात थरथरला, मागचा खळखळाट थांबला आणि एक बारीक सूं असा आवाज यायला लागला. तळ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. किती वेळ? दीड मिनिट. मग काठ आला. लहान तळ्याचा हाच ताप, आनंद अर्ध्यात असताना वळावं लागतं. मी वळले, आणि परत तेच. आठ फेऱ्या मारल्या. नवव्या फेरीला पडले.

मुलगा आता सोळाचा आहे. मध्यंतरी एकदा आला, काठावर बसला, मोबाइल बघत. मी धक्क्याला लागल्यावर म्हणाला, "आई, तू टॅक करताना अजून खाली बघतेस." मी म्हटलं, तू ये ना दाखवायला. आला नाही. पण सांगितलं ते बरोबर होतं.

गेल्या रविवारी बचाव होडीवर माझी पाळी होती. इंजिन बंद करणाऱ्या लाल दोरीचा वेढा गुडघ्याला, म्हणजे आपण पाण्यात पडलो की इंजिन थांबतं. नवीन शिकणारे चौघं होते. त्यातले एक सद्गृहस्थ, सत्तरीच्या पुढचे, निवृत्त न्यायाधीश, असं मागाहून कळलं. खिंडीसमोर पाण्याला काटा आलेला मला दिसला. त्यांना दिसला नव्हता. ते खाली बघत होते. होडी कलली, दोन्ही हातांनी त्यांनी दोर छातीशी कवटाळला. मी उभी राहून ओरडले, "अरे सोड! सोड तो दोर! सोड ना रे!"

त्यांनी सोडला. शीड फडफडलं, होडी सरळ झाली. उलटले नाहीत.

धक्क्यावर आल्यावर मी त्यांना हात देऊन वर घेतलं आणि म्हटलं, "माफ करा हं, मघाशी जरा तोंडातून निघून गेलं. भिजलात का फार?"

ते बुटातलं पाणी ओतत होते. म्हणाले, "चाळीस वर्षांत मला कोणी 'अरे' म्हटलं नव्हतं. पुढच्या रविवारी पाळी कोणाची आहे?"